अकरा जणांचा व्यूह

मळवली स्थानकावरून भाजे लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर भाताची खाचरे आहेत. कापणी झाली, की असे एखादे खाचर मुलांचे मैदान बनते. तेथे फुटबॉल खेळणाऱ्या नवशिक्या मुलांकडे क्षणभर पाहावे. चेंडू जाईल तिकडे सारा घोळका धावतो. गोल करण्याची हौस प्रत्येकाला असते. मात्र चेंडू घोळक्यातून निसटला, की मागे त्याला अडविणारा कोणीच उरत नाही.

हा दोष टाळण्यासाठी अकरा खेळाडू मैदान आपापसांत वाटून घेतात. या वाटणीला व्यूह म्हणतात. 4-4-2 या व्यूहात बचावाच्या फळीत चार, मधल्या फळीत चार आणि आघाडीवर दोन खेळाडू असतात. गोलरक्षकाची गणना या आकड्यांत होत नाही.

चेंडू प्रतिपक्षाकडे असतो, तेव्हा या फळ्या एकमेकींच्या जवळ येतात. चेंडू डावीकडे गेला, तर सर्व फळ्या डावीकडे सरकतात. जवळचा खेळाडू चेंडूवाल्याला सामोरा जातो, तर दुसरा थोडा मागे राहून त्याची पाठ राखतो. पहिला चुकला, तरी वाट मोकळी होत नाही.

शेजाऱ्याची जागा राखणे किती मोलाचे असते, हे याच मैदानावरून मान वर केली असता ध्यानात येते. समोर विसापूर आणि लोहगड हे जोडकिल्ले उभे आहेत. दोहोंमध्ये गायमुख खिंड आहे. लोहगडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत. परंतु विसापूर त्याहून उंच आहे. मार्च 1818 मध्ये इंग्रजांच्या फौजेने आधी विसापूर घेतला आणि लोहगड लढाईवाचूनच त्यांच्या हाती पडला. त्याचे दरवाजे शाबूत होते. पण शेजारची उंच जागा गेली होती.

चेंडू आपल्याकडे आला, की तोच व्यूह पंख्याप्रमाणे उलगडतो. कडेचे खेळाडू मैदानाच्या रेषेपर्यंत पसरतात, म्हणजे प्रतिपक्षाला त्यांच्यामागे पांगावे लागते आणि मध्ये वाट पडते. आघाडीचा खेळाडू पुष्कळदा चेंडूवाचूनच धावतो. त्याच्यामागे रक्षक खेचला जातो व रिकाम्या झालेल्या जागेत त्याचा सोबती शिरतो. बचावाचा खेळाडूही पुढे जाऊ शकतो. अट एवढीच, की त्याची जागा दुसऱ्याने सांभाळली पाहिजे.

1962 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत याचे उत्तम उदाहरण दिसले. बचावाचा आधार असलेले जर्नैल सिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली होती. मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळविले. मागे अरुण घोष यांनी बचाव सांभाळला. मधल्या फळीत गोव्यात जन्मलेले फॉर्च्युनाटो फ्रँको होते. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियावर 2-1 असा विजय मिळविला. भारताचा पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला आणि दुसरा जर्नैल सिंग यांनी. तो गोल करण्यासाठी ते निर्धास्तपणे पुढे राहू शकले, कारण मागची जागा रिकामी नव्हती.

गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्याच वेळी दूर मागे, चेंडूला पायही न लावता, आपली जागा धरून कोणीतरी उभा असतो. विजयात त्याचाही वाटा तेवढाच असतो.