मोठ्या भित्तिफलकासाठी छायाचित्र : आधी माप, मग छपाई



शाळेतील नकाशे, तक्ते व समारंभाचे फलक पूर्वी आपण हाताने रंगवीत असू. आता ते बहुधा फ्लेक्सवर अथवा कापडावर छापून घेतले जातात. सोय वाढली हे खरे. परंतु यांपैकी पुष्कळ फलक भिंतीवर लागल्यावर पुसट दिसतात. एका शाळेत हिरण्यकेशीच्या खोऱ्याचा नकाशा असाच छापला होता. नदीची निळी रेघ स्पष्ट होती. पण नावांवरील अनुस्वार विरून गेले होते, आणि तिसरीतील मुलगी ‘आंबोली’ हे नाव ‘आबोली’ असे वाचीत होती. तिचे वाचन चुकले नव्हते. पुढे जे छापले होते तेच तिने वाचले. दोष छपाईयंत्राचाही नव्हता. लहान चित्र मोठ्या मापावर ताणले गेले होते. हे टाळण्यास थोडे अंकगणित पुरेसे आहे.

१. चित्र कशाचे बनते? चित्रकलेच्या तासाला आपण चौकटी आखून लहान चित्र मोठे करतो. मोबाइलमधील छायाचित्रही अशाच चौकटींचे असते. प्रत्येक चौकट एकाच रंगाची असते. तिला पिक्सेल म्हणतात. भेद इतकाच की, हाताने मोठे करताना आपण चौकटीत नवा तपशील भरू शकतो; छपाईत मात्र तीच चौकट मोठी होते. मूळ चित्रात जे नाही, ते फलकावर येत नाही.

२. किती पिक्सेल हवेत? हे पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगविले. पडदा दुरून पाहावयाचा असतो. पुस्तकातील चित्राइतके बारीक काम त्यात दिसत नाही व लागतही नाही. निरोगी डोळ्याला एक मीटर अंतरावरून सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके वेगळे दिसत नाहीत. एका इंचात असे सुमारे ९० ठिपके बसतात. म्हणून नियम असा :

दर इंचास लागणारे पिक्सेल = ९० ÷ पाहण्याचे अंतर (मीटरमध्ये).

हातातील पुस्तक ३० सेंटिमीटरवर असते. त्यास ३०० लागतात. तीन मीटरवरून पाहावयाच्या फलकास ३० पुरतात. अंतर नेहमी सर्वांत जवळच्या वाचकाचे धरावे.

३. उदाहरण. फलक ६ फूट × ४ फूट, म्हणजे ७२ इंच × ४८ इंच. जवळचा वाचक २ मीटरवर. ९० ÷ २ = ४५; सोयीसाठी ५० धरू. ७२ × ५० = ३६०० व ४८ × ५० = २४००. एवढे पिक्सेल हवेत. मोबाइलवरील ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र यास पुरते. परंतु तेच व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडले, तर त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलची उरते. १६०० ÷ ७२ = सुमारे २२; म्हणजे गरजेच्या निम्मेही नाही. म्हणून छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे अथवा पेनड्राइव्हवर न्यावे. संगणकात ‘७२’ या आकड्याऐवजी ‘३००’ लिहिल्याने, किंवा पिक्सेलची संख्या ओढून वाढविल्याने, हरवलेला तपशील परत येत नाही.

४. जुने छायाचित्र. शाळेच्या जुन्या वर्गाचे ६ इंच × ४ इंचांचे छायाचित्र वरील फलकावर घ्यावयाचे आहे. ७२ ÷ ६ = १२ पट मोठे करावयाचे. १२ × ५० = ६००. म्हणून स्कॅन दर इंचास ६०० पिक्सेलने करावे. मोबाइलने भिंतीवरील चौकटीचा फोटो काढू नये. काचेची चमक व कलता कोन चित्र बिघडवितात. मूळ प्रत एकच असेल, तर स्कॅन होईपर्यंत शिक्षकाने तिच्याजवळ थांबावे व ती परत आणावी. त्या प्रतीस दुसरी नसते.

५. अक्षरे. लिहिलेल्या कागदाचा फोटो देऊ नये. मजकूर टंकित करून पीडीएफ द्यावी. त्यातील अक्षर कितीही मोठे केले तरी कडा स्वच्छ राहते. देवनागरीत अनुस्वार, रफार व पाय मोडल्याची खूण प्रथम पुसतात आणि अर्थ बदलतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर निरोगी डोळा ६ मीटरवरून वाचतो ती अक्षरे सुमारे ९ मिलिमीटर उंच असतात. ती वाचण्याची सीमा होय, सोय नव्हे. वर्गातील तक्त्यावर तेवढ्या अंतरासाठी याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर उंची ठेवावी.

६. छपाईपूर्वीची तपासणी. फलकाचा सर्वांत बारीक मजकुराचा भाग पूर्ण मापातच ए-४ कागदावर छापून घ्यावा व तो भिंतीवर लावावा. नंतर शेवटच्या बाकावरील मुलास वाचावयास सांगावे. त्या नावाची आधी ओळख देऊ नये. तो अडखळल्यास माप पुन्हा मांडावे. एका कागदाचा खर्च थोडा आहे. शाळेच्या निधीतून छापलेला चुकीचा फलक मात्र वर्षानुवर्षे भिंतीवर राहतो, आणि मुले तोच खरा मानून वाचतात.