शीतवर्षानिलदग्ध : लक्षणे, प्रतिबंध आणि चिकित्सा

दग्ध म्हटले की अग्नी, तप्त तेल किंवा उकळते पाणी डोळ्यांपुढे येते. सुश्रुताचार्यांनी मात्र सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात, अग्निकर्मविधी सांगताना, शीत, वर्षा व अनिल यांनी होणाऱ्या दग्धाचाही उल्लेख केला असून त्यावर स्निग्ध व उष्ण उपचार सांगितला आहे. उल्लेख संक्षिप्त आहे. तथापि भाटघर, भोर, वेल्हे या परिसरात चिकित्सा करणाऱ्या वैद्याने त्यातील ‘वर्षा’ आणि ‘अनिल’ ही पदे विशेष ध्यानात ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

देशविचार

पुण्याच्या वेधशाळेतील नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजीचे, १.७ अंश सेल्सिअस आहे. त्वचा गोठण्यास तिचे तापमान शून्याच्याही किंचित खाली जावे लागते. म्हणून खरे हिमदग्ध आपल्या भागात घडणे दुर्मीळ. ते आपल्याकडे येईल ते हिमालयातून परतलेल्या जवानाच्या, यात्रेकरूच्या किंवा गिर्यारोहकाच्या रूपाने.

परंतु ओला गारठा येथलाच आहे. भाटघर जलाशयात पहाटे जाळी ओढणारे, वेळवंडीच्या खोऱ्यात भातलावणीसाठी दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, भर पावसात राजगड-तोरणा चढणारी तरुण मुले हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता हरण करते आणि वारा अंगालगतचा उबदार थर उडवून लावतो. त्यामुळे पारा १०-१५ अंशांवर असतानाही भिजलेला, थकलेला, उपाशी मनुष्य शीताने संकटात येऊ शकतो.

लक्षणे

१. सौम्य विकार : दीर्घकाळ ओल्यात राहिल्याने पाय पांढुरके, सुरकुतलेले, बधिर होतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कोरड्या थंडीत टाचा फुटतात; यालाच आपण जळवात व शास्त्रकार पाददारी म्हणतात. काहींची बोटे थंडीने लाल-जांभळी होऊन सुजतात व खाजतात.

२. हिमदग्ध : बोटे, नाक, कान, गाल ही स्थाने. प्रथम टोचणी, मग बधिरता. त्वचा फिकट, मेणासारखी व कठीण. ऊब मिळाल्यावर फोड येतात. स्वच्छ द्रवाचे फोड उत्तान दग्धाचे, तर रक्तमिश्रित फोड गंभीर दग्धाचे द्योतक होत.

३. सर्वांगशैत्य : शरीराचे आभ्यंतर तापमान ३५ अंशांखाली जाणे. आरंभी तीव्र कंप, अडखळती चाल, जड वाणी. सुमारे ३२ अंशांखाली कंप थांबू लागतो आणि रुग्ण सुस्त, भ्रमिष्ट होतो. कंप थांबला म्हणजे आराम पडला, असे समजणे घातक आहे. नेहमीच्या तापमापीचे आकडे साधारणतः ३५ अंशांपासूनच सुरू होतात. म्हणून पारा न चढल्यास तापमापी बिघडली असे न मानता रुग्णाच्या पोटास व छातीस हात लावून पाहावे.

चिकित्सा

‘स्निग्ध व उष्ण’ याचा अर्थ बधिर अवयवास तेल चोळून शेकणे असा घेऊ नये. गोठलेला अवयव चोळल्यास आतील धातू फाटतात. बधिर त्वचेस दाह कळत नाही. शेगडी, तापलेली वाळू किंवा गरम पिशवी यांनी शीतदग्धावर अग्निदग्धाची भर पडते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हा धोका अधिक.

येथे उष्ण म्हणजे ३७ ते ३९ अंशांचे, निरोगी माणसाच्या कोपराला सुखद वाटणारे पाणी. त्यात अवयव १५ ते ३० मिनिटे, तो मऊ व आरक्त होईपर्यंत ठेवावा. या वेळी तीव्र वेदना होतात. त्यावर वेदनाशामक द्यावे. अवयव पुन्हा गोठण्याचा संभव असल्यास मात्र त्यास आधी ऊब देऊ नये. रक्ताचे फोड फोडू नयेत. कोरफडीचा गर लावण्यास आधुनिक गिर्यारोहण-वैद्यकाचीही मान्यता आहे. आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने जवानांसाठी कोरफडयुक्त मलमही सिद्ध केले आहे. गंभीर दग्धात रक्ताची गुठळी विरघळवणारे उपचार पहिल्या २४ तासांत उपयोगी पडतात. असा ताजा रुग्ण हाती आल्यास लेपाच्या प्रयोगात वेळ न दवडता तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावा.

सर्वांगशैत्यात ओले कपडे काढावेत, रुग्णास आडवे ठेवून कोरड्या घोंगडीत गुंडाळावे आणि हातापायांआधी धडास ऊब द्यावी. तो सावध असून गिळू शकत असेल तरच गरम गोड पेय द्यावे. त्यास चालवू नये, अंग रगडू नये. धक्क्याने हृदयाची गती बिघडू शकते. थंडगार, निश्चेष्ट रुग्णास घाईने मृत ठरवू नये. श्वास व नाडी मिळत नसल्यास छातीदाब व कृत्रिम श्वास चालू ठेवून त्यास रुग्णालयात न्यावे; अशी माणसे वाचल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

सौम्य विकारांत मात्र आपले स्नेहकल्प निःसंशय उपयोगी आहेत. जळवातावर कोकमाचे तेल किंवा मेण, राळ व तूप यांचा लेप लावावा. चिखल्यांत पाय धुऊन, बेचके कोरडे करणे ही पहिली चिकित्सा होय.

प्रतिबंध

चरकाचार्यांच्या हेमंतचर्येतील अभ्यंग, स्निग्ध आहार, जाड प्रावरणे व उबदार निवास ही आजही उत्तम दिनचर्या आहे. तीस पुढील सूचनांची जोड द्यावी :

• गडावर जाताना कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावा. भिजलेले सुती वस्त्र ऊब देत नाही. लोकर भिजूनही काही ऊब राखते.
• बूट घट्ट नसावेत. विडी-सिगारेटने बोटांचा रक्तप्रवाह घटतो. मद्याने ऊब आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते.
• लावणीच्या दिवसांत दुपारी व सायंकाळी पाय धुऊन, पुसून, रात्री तेल लावावे.
• बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच मृत्यू ओढवतो. घरातील वृद्धांच्या बाबतीत हे आवर्जून सांगावे.

शीताचा रुग्ण बहुधा स्वतः तक्रार करीत नाही. बधिर अवयव दुखत नाही आणि शीताने मंदावलेल्या मनास संकट उमगत नाही. म्हणून पावसाळ्यात व हिवाळ्यात दर्शन-स्पर्शन-प्रश्न या त्रिविध परीक्षेतील स्पर्शनास वैद्यबंधूंनी अग्रस्थान द्यावे, अशी आमची विनंती आहे.