बाळाच्या पोटातील वायू आणि दुधाची बाटली : निवड करण्यापूर्वी

पहिल्या काही महिन्यांत अनेक बाळांच्या पोटात वायू धरतो. दूध पिताना व रडताना बाळ हवाही गिळते. ती ढेकरेवाटे बाहेर पडली नाही की पोट ताठ होते, बाळ पाय पोटाशी ओढून घेते आणि कळवळून रडते. निरोगी बाळाचे असे रडणे साधारणतः सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते व तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप कमी होते. याच काळात थकलेले पालक ‘वायू न धरणाऱ्या’ बाटलीच्या शोधात निघतात. त्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वायूचा संबंध बाटलीच्या किमतीपेक्षा दूध पाजण्याच्या रीतीशी अधिक आहे. आणि अस्वच्छ बाटलीतून होणारा अतिसार हा वायूपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

प्रथम स्तनपान

बाळ रडते म्हणून आईचे दूध त्याला बाधते, असा निष्कर्ष काढू नये. पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. वरून पाण्याचीही गरज नसते. बाळाने फक्त स्तनाग्र तोंडात धरले तर हवा अधिक गिळली जाते. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग जास्तीत जास्त तोंडात, ही योग्य पकडीची खूण होय. पकड जमत नसल्यास आशा कार्यकर्ती किंवा परिचारिकेची मदत घ्यावी.

बाटलीऐवजी वाटी-चमचा

आई कामावर जात असेल किंवा बाळाला ओढता येत नसेल, तर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने पाजावे. ही भांडी सहज घासता व उकळता येतात. जागे असलेले बाळ मांडीवर अर्धवट बसते धरावे, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि बाळाला स्वतः घोट घेऊ द्यावेत. दूध तोंडात ओतू नये.

बाटली अपरिहार्य असल्यास

शिशुदुग्धपर्याय, दूध-बाटल्या व शिशुआहारविषयक १९९२ च्या कायद्यानुसार दूध-बाटल्यांची जाहिरात करण्यास व मोफत नमुने वाटण्यास बंदी आहे. त्यामुळे कोणाच्या शिफारशीपेक्षा पुढील बाबी पाहाव्यात.

• बाटलीवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असावे.
• बाटली सरळ, रुंद तोंडाची व कमी सुट्या भागांची असावी. वायू रोखणाऱ्या झडपा व नळ्यांमुळे गिळली जाणारी हवा काहीशी कमी होऊ शकते. परंतु त्यांच्या खाचांत दूध साचते. जो भाग घरी नीट घासता येणार नाही, तो असलेली बाटली घेऊ नये.
• बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबथेंब पडावे, धार लागू नये. छिद्र फार लहान असल्यास बाळ जोर लावून हवा ओढते. मोठे असल्यास दूध घटाघटा गिळते. तापवलेल्या सुईने छिद्र मोठे करू नये.
• चिरलेले, चिकट झालेले निपल टाकून द्यावे.

प्रत्येक वापरानंतर सर्व भाग सुटे करून साबण व ब्रशने घासावेत आणि पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटे उकळावेत.

पाजण्याची रीत

बाळाचे डोके उंच ठेवून बाटली जवळजवळ आडवी धरावी; निपल दुधाने भरलेले असावे. मध्ये थांबून व शेवटी बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवरून हळुवार हात फिरवावा. ढेकर आली नाही तरी काही मिनिटांनी थांबावे. उशीच्या आधाराने बाटली तोंडात ठेवून बाळाला एकटे सोडू नये.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध देत असल्यास पावडर व उकळलेल्या पाण्याचे प्रमाण डब्यावरील सूचनेनुसारच ठेवावे. वायू होऊ नये म्हणून दूध पातळ केल्यास बाळ कुपोषित होते. दूध ढवळल्यावर फेस बसू द्यावा. उरलेले उष्टे दूध फेकून द्यावे.

हे करू नये

घुटी, ग्राइप वॉटर, हिंगाचे पाणी देऊ नये. मध एक वर्षापर्यंत चाटवू नये. त्यातील जंतूंमुळे बाळाला प्राणघातक विषबाधा होऊ शकते. पोट फुगले म्हणून बाळाला चटके किंवा डाग देणे ही क्रूर व जीवघेणी प्रथा आहे.

तत्काळ रुग्णालयात न्यावे

हिरवी उलटी, शौचातून रक्त, कडक फुगलेले पोट, ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, दूध न पिणे, लघवी कमी होणे, बाळ निपचित पडणे किंवा कशानेही न थांबणारे रडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तो साधा वायू समजू नये. १०८ किंवा १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेत शक्य असल्यास बाळाला अंगाशी धरून ऊबदार ठेवावे.

रडणाऱ्या बाळाला रागाच्या भरात कधीही हलवू नये. सहनशक्ती संपल्यास बाळ सुरक्षित जागी उताणे निजवून घरातील दुसऱ्या व्यक्तीस हाक मारावी. अशा वेळी मदत मागण्यात कमीपणा नाही.