छिंदवाड्याचा लोपलेला द्विसदस्यीय मतदारसंघ : एक भाषिक वाचन

सौसर-पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्यांना मी जुने निवडणूक-निकाल भाषेचा पाठ म्हणून वाचायला देतो. राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांना हे अतिक्रमण वाटते, वाटो.

1957 च्या लोकसभा निवडणुकीत छिंदवाडा हा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. निवडून आले भिकुलाल लक्ष्मीचंद चांडक आणि नारायणराव मनिराम वाडिवा. दुसरे नाव फळ्यावर लिहून मी थांबतो. वाडिवा हे गोंड आडनाव, आणि त्याआधी आपला 'नारायणराव'! गोंडी-मराठी शेजाराचे पुरावे आपण बोलीतून वेचत बसतो. येथे तो निकालपत्रातच आहे.

अशा मतदारसंघांत एक पेच होता. त्याच वर्षी पार्वतीपुरममध्ये जमातींच्या दोन्ही उमेदवारांना व्ही. व्ही. गिरींपेक्षा अधिक मते मिळाली आणि सर्वसाधारण जागाही गिरींच्या हातून गेली. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल ग्राह्य धरला. 1961 च्या कायद्याने ही पद्धतच संपली. 1962 मध्ये छिंदवाड्यातून एकटे चांडक निवडून आले.

या इतिहासाचा दुसरा पदर मला अधिक बोचतो. 1952 मध्ये येथील मतदारांनी निवडलेले आमदार नागपूरच्या विधानसभेत बसले. त्या मध्य प्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा ठरल्या होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची विधानसभा भोपाळला गेली. मतदार जागचा हलला नाही, पण त्याच्या राज्यकारभारातून मराठी उठली. आज माझा विद्यार्थी घरी 'उमेदवार' म्हणतो, उत्तरपत्रिकेत 'प्रत्याशी' लिहितो. 'मतदारसंघ' हा शब्द तर त्याला अर्थासह सांगावा लागतो.

2008 पासून पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला.

यंदा वर्गाला एकच काम दिले आहे. घरात किंवा गल्लीत 1957 चे मतदार असतील, तर त्यांनी दुसरे मत कुणाला दिले ते विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच बोलीत उतरवून आणायचे. तेव्हा मतदानाचे वय 21 होते. ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.