माळावरचा मुक्काम

आमच्या निमोण्यात रानात झोपायला जाणे ही कौतुकाने सांगण्याची गोष्ट कधीच नव्हती. ज्वारी हुरड्याला आली की घरातला कोणीतरी घोंगडी खांद्यावर टाकून राखणीला जाई; खळे पडले की खळ्यावर निजे. ‘कॅम्पिंग’ हा शब्द मी कॉलेजात आल्यावर ऐकला आणि पाठीवर पिशव्या घेतलेली पुण्याकडची मंडळी पैसे मोजून उघड्यावर झोपतात हे कळले, तेव्हा घरात सर्वांना हसू आले. मला मात्र त्यात नुसते हसण्यासारखे काही वाटले नाही. जे आपण गरजेपोटी करीत होतो, ते कोणी आनंदासाठी करीत असेल, तर तो आनंद कशात आहे हे पाहावयास हवे.

तंबू म्हटले की आपल्याला डोंगर, धबधबे आणि दाट झाडी आठवते. शिरूर-दौंडच्या बाजूला तसे काही नाही. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यावर जे उरते ते आपल्या वाट्याला येते, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. एवढ्या पाण्यावर आणि मुरमाड जमिनीवर जंगल वाढत नाही, गवत वाढते. कुसळी, मारवेल, पवन्या ही त्यांची नावे म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहेत. हे गवत म्हणजे जंगल होता होता राहिलेली जमीन नव्हे. ती स्वतंत्र सृष्टी आहे. चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड ही जनावरे आणि धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी दाट झाडीत सुखी होत नाहीत, त्यांना मोकळा माळच लागतो. हिवाळ्यात दूरच्या उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षीही रात्री गवतातच उतरतात. तरीही सरकारी दप्तरात बऱ्याचशा माळाला ‘पडीक’ असेच नाव मिळाले आणि त्यावर चर खणून झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. या एका शब्दाने माळाचे जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळानेही केले नसेल, असे माझे मत आहे.

अमेरिकेत याच्या उलट घडले. १९३० नंतरच्या दशकात तेथील गवताळ मैदाने नांगरून टाकल्यामुळे धुळीची प्रचंड वादळे उठली, शेतकरी देशोधडीला लागले. १९३७ च्या कायद्याने सरकारने अशा उजाड जमिनी विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या आणि १९६० साली त्यांना ‘राष्ट्रीय गवताळ प्रदेश’ असा दर्जा दिला. असे वीस प्रदेश तेथे आहेत. परवाना घेतलेला पशुपालक तेथे गुरे चारतो आणि त्याच माळावर प्रवासी तंबू ठोकून काही दिवस राहतो. आपल्याकडे असा दर्जा कोणत्याच माळाला नाही. जी थोडी अभयारण्ये आहेत ती लहान आहेत. नगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य (१९८०) सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर (१९९७) पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि चिंकारा पाहावयाचा तर आपल्याला तेच जवळचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मुक्काम तर दूरच. म्हणून आधी वनखात्याच्या कचेरीत चौकशी करावी. २०२४ मध्ये वनखात्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळांची सफर सुरू केली, ही चांगली सुरुवात म्हणावी लागेल.

उघड्यावर राहण्याचे खरे शास्त्र मात्र मला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही, ते धनगरांच्या वाड्यावर मिळाले. पावसाळ्यात मेंढरे आपल्या भागातील माळांवर असतात. दिवाळीनंतर खरीप निघाला की कळप पश्चिमेकडे सरकतात, काही घाट उतरून कोकणातही जातात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. लेंडीखत त्याला, धान्य किंवा पैसे धनगराला. सारा संसार घोड्यावर मावतो. वाघर म्हणजे जाळे सोडून मेंढरांभोवती उभे केले, पाल ठोकले, तीन दगड मांडले, की घर झाले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र हिवाळ्यात असेच माळावर मुक्कामाला गेलो होतो. वारा लागू नये म्हणून तंबू गवताच्या दाटीत लावला आणि शेजारीच शेकोटी पेटविली. थोड्या वेळाने पलीकडच्या वाड्यावरचे एक आजोबा काठी टेकीत आले. काही न बोलता त्यांनी जाळ मातीने विझविला. मग म्हणाले, “पोरांनो, तुमची रात जाईल. आमच्या मेंढरांचं चार महिन्यांचं पोट जाईल.” आम्हांला मान वर करवेना. नंतर त्यांनीच आम्हांला आपल्या पालाजवळ बोलाविले. तेथे जमीन खरवडून उघडी केलेली होती आणि चूल तिच्या मधोमध होती. ओढ्याच्या पात्रात का निजू नये, दव कोणत्या बाजूने जास्त पडते, घोंगडी कशी दुमडली म्हणजे पाणी आत येत नाही, हे सारे त्यांनी बोलता बोलता सांगितले. वर तिकांडं दाखवून रात्र किती उरली हेही सांगितले. घड्याळ पाहिले तर फरक फार नव्हता!

पावसाळ्यापूर्वी जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टिटवी, धाविक, पखुर्डी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. पायवाट सोडली की पाय कुठे पडतो हे आपल्याला कळतही नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना जड जाते. घोड नदीवर चिंचणीचे धरण झाले, कालवे आले, ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्याही आला. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते, गावातली कुत्री मिळतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलेही दगावली. माझ्या आजोबांनी ज्या बांधावर उभा जन्म घोंगडी अंथरली, तेथे आज मी कोणाला निजावयास सांगणार नाही. उसापासून दूर, मोकळ्या माळावर, चार-पाच जणांनी मिळून, तंबू सर्व बाजूंनी बंद करून राहावे. अंधारात एकट्याने बाहेर पडू नये. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो हे विसरू नये. गावात वावर असल्याचे कानावर आले असेल तर मुक्कामच करू नये.

त्या आजोबांचा वाडा यंदा आमच्या शिवारात बसला नाही. उसाच्या कडेला मेंढरे बसवायची म्हणजे रात्रभर जागे राहावे लागते, असे त्यांच्या मुलाने शिरूरच्या बाजारात सांगितले. ते आता दौंडच्या बाजूला, जिथे अजून नुसता माळ आहे, तिकडे असतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिकडेच जाणार आहोत. या वेळी लाकडे नेणार नाही, गॅसची लहान शेगडी नेऊ.