घराच्या रक्षणासाठी पिस्तूल कोणते घ्यावे?

प्रश्न : मी उज्जैनला फ्रीगंज भागात राहतो. बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत. घरी आम्ही दोघेच. नातवंडे मे महिन्यात येतात. जवळच्या गल्लीत घरफोड्या झाल्या, आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरात अनोळखी वर्दळही वाढली आहे. लायसन्सचे पिस्तूल घ्यावे असे मनात आहे. नेम अचूक लागेल आणि ऐन वेळी दगा देणार नाही असे कोणते घ्यावे? वडिलांची बारा बोरची बंदूक त्यांच्या निधनानंतर डीलरकडे जमा आहे, तिचे काय करता येईल? आणि घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडली तर कायदा काय म्हणतो?
— एक वाचक, उज्जैन

उत्तर : तुमची काळजी खरी आहे आणि प्रश्नही नेमके आहेत. आधी शस्त्राबद्दल सांगतो. ते घ्यावे की नाही, याचे माझे मत शेवटी देतो, म्हणजे तुम्हाला ते तपासून पाहता येईल.

बाजारात काय मिळते

परदेशी मासिकांत आणि व्हिडिओंत ज्या ९ मिलिमीटर पिस्तुलांची स्तुती असते, ती आपल्यासाठी नाहीत. तो बोर आपल्याकडे ‘प्रतिबंधित’ वर्गात मोडतो आणि सर्वसामान्य नागरिकाला त्याचे लायसन्स मिळत नाही. निवड होते ती मुख्यतः .३२ बोरमध्ये. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतील .३२ रिव्हॉल्व्हर सर्वांत परिचित आहे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि त्याचे चक्र बाजूला उघडते. पिस्तूल हवे असेल तर ‘अशनी’ आहे, तेही .३२ बोरचे. मात्र रिव्हॉल्व्हरची गोळी आणि पिस्तुलाची गोळी, दोन्ही .३२ म्हणवत असल्या तरी वेगळ्या असतात. एकाची दुसऱ्यात चालत नाही.

दगा कोण देत नाही

रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी उडालीच नाही, तर घोडा पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तीच गोळी अडकून बसते. स्लाइड ओढून ती बाहेर काढावी लागते, आणि अंधारात, धडधडत्या छातीने ते जमायला पुष्कळ सराव लागतो. पिस्तूल सैल धरले तर चांगली गोळीही अडकू शकते. म्हणून वर्षातून क्वचितच शस्त्र हाती घेणाऱ्यासाठी रिव्हॉल्व्हर अधिक भरवशाचे.

पण बिघाडाचे मूळ पुष्कळदा शस्त्रात नसून गोळीत आणि निगेत असते. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या, पावसाळ्यातली दमट हवा खाल्लेल्या गोळ्यांवर विसंबू नये. शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि लोखंड गंजते. गोळीबारानंतर नळी आणि चक्राची घरे साफ करून तेलाचा हलका हात फिरवावा. जुने शस्त्र विकत घेत असाल तर लायसन्सधारक कारागिराकडून चक्राचा खुळखुळ, प्रत्येक घर नळीसमोर नेमके येते का, आणि नळीतला गंज तपासून घ्यावा.

इथे एक इशारा. खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर या आपल्याच राज्याच्या जिल्ह्यांतल्या काही गावांत बेकायदा पिस्तुले बनतात. बडवानीतल्या उमर्टीचे नाव पुणे पोलिसांच्या तपासातही आले आहे. ‘लायसन्सची कटकट नको, स्वस्तात मिळवून देतो’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबवा. अशा कट्ट्याची नळी दाबाच्या चाचणीतून गेलेली नसते आणि ती चालवणाऱ्याच्या हातातच फुटू शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे झाली आहे.

नेम कशाने लागतो

साधा हिशेब करू. लहान रिव्हॉल्व्हरवर पुढची माशी आणि मागची खाच यांत समजा १०० मिलिमीटर अंतर आहे. निशाणा धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर पाच मीटरवर गोळी ५० मिलिमीटर चुकते आणि २५ मीटरवर तब्बल २५० मिलिमीटर. हेच अंतर १५० मिलिमीटर असेल तर पाच मीटरवरची चूक ३३ मिलिमीटरवर येते. म्हणून नळी जितकी आखूड, तितकी हाताची चूक महाग. खिशात मावणारे हलके शस्त्र दुकानात हवेसे वाटते. पण ते उडताना जास्त उसळते आणि नेमही लवकर बिघडवते. घरात ठेवायचे असेल तर थोडे वजनदार आणि थोड्या लांब नळीचे घ्यावे.

दुसरी गोष्ट घोड्याची. रिव्हॉल्व्हरचा घोडा एका दमात ओढायचा झाला तर बोटाला बरेच बळ लागते, आणि त्या बळानेच नळी हलते. तुमच्या आणि वहिनींच्या बोटांना तो सरळ ओढता येतो का, मूठ पूर्ण बसते का, हे डीलरकडे रिकाम्या शस्त्रावर दोघांनीही पाहा. सांधे दुखत असतील तर हा प्रश्न नळीच्या लांबीपेक्षाही आधीचा.

कारखान्यातून आलेले कोणतेही धड शस्त्र खोलीभर अंतरावर पुरेसे अचूक असते. उरलेला नेम सरावाने येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यामागे रोजच्या सरावाची वर्षे होती. आणि तिच्या समोर कागदाचे लक्ष्य होते, तिथे पुरेसा उजेड होता. झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात, भेदरलेल्या अवस्थेत तसा नेम जमेल असे धरून चालू नये. .३२ ची गोळी प्लायवुडचे दार सहज भेदते. त्या दारामागे कोण झोपले आहे हा विचार घोड्यापूर्वी व्हायला हवा. सराव कुठे आणि किती वेळा करणार, याचे उत्तर तुमच्याजवळ नसेल तर खरेदी पुढे ढकला. सुरुवात एअर पिस्तुलावर करता येते; .१७७ बोर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर वेपनला लायसन्स लागत नाही.

लायसन्स आणि वडिलांची बंदूक

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी हे सारे चालते. अर्ज कलेक्टर कार्यालयात द्यायचा. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय व मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. लायसन्स पाच वर्षांसाठी मिळते आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत. रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखवावे लागते. ‘गल्लीत चोऱ्या होतात’ एवढे पुरेलच असे नाही. नकार मिळाला तर त्याची कारणे लेखी मागता येतात आणि अपीलही करता येते.

वडिलांच्या बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी. कायद्याच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे रिव्हॉल्व्हर मागणाऱ्यापेक्षा उदारपणे पाहिले आहे. बारा बोर त्याच वर्गातली. त्यात २०१६ च्या नियमांत वारसाच्या नावाने लायसन्स देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. वडिलांचे जुने लायसन्स, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि डीलरकडची जमापावती घेऊन अर्ज करा. लांब बंदूक खांद्याला टेकते, म्हणून नेम सोपा. तिची काडतुसे पुण्याच्या खडकी कारखान्याची मिळतात. अडचण एवढीच, की अरुंद बोळात ती वळवता येत नाही आणि तिचा धक्का मोठा असतो.

निवडणुकीच्या काळात कलेक्टरच्या आदेशाने लायसन्सची शस्त्रेही पोलिस ठाण्यात जमा करावी लागू शकतात. त्या आठवड्यांत घर कशाच्या भरवशावर राहील, हा विचार आताच करावा.

गोळी झाडल्यावर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा ज्या चोरीत जिवाची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटते अशी चोरी, यांत कलम ४१ प्रमाणे हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो. पण कलम ३७ ची मर्यादा त्यावर कायम आहे : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. घरफोडीविरुद्धचा हक्कही घरातला शिरकाव चालू असेपर्यंतच. भिंत ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्हीच आरोपी ठरू शकता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. हल्ल्याच्या क्षणी माणसाने तराजूत तोलून बळ वापरावे अशी अपेक्षा नाही. पण हा हक्क रक्षणासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही. बचाव योग्य ठरला तरी गुन्ह्याची नोंद, शस्त्रजप्ती आणि चौकशी यांतून जावे लागेल, हे धरून चाला.

माझे मत

सर्वांत जास्त चिंता मला नातवंडे येतात त्या मे महिन्याची वाटते. कुलपात, गोळ्या वेगळ्या ठेवलेले शस्त्र हाती यायला वेळ लागतो. उशाखाली भरून ठेवलेले शस्त्र नातवाच्या हाती लागते. यातून सुटका करणारी जागा घरात नाही. आणि मुले असताना कुलूप हाच एक मार्ग उरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुमारे २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आणि बायकांत सुमारे पस्तीसपट आढळले. तो देश वेगळा, समाज वेगळा. पण वाईट रात्री हाताशी असलेले शस्त्र काय करते, हे माणसाच्या मनाचे सत्य आहे. घरात कोणी नैराश्यात असेल, दारूचा त्रास असेल, कलह असेल, तर शस्त्र आणूच नका.

म्हणून माझा सल्ला असा. पहिला खर्च दारावर करा : आतून भक्कम अडसर, बाहेर लोखंडी जाळीचे दार, मागच्या अंगणात हालचालीने पेटणारा दिवा, दारावर कॅमेरा. दुसरे, झोपायच्या खोलीलाच आसऱ्याची खोली करा : जाड दार, दोन कड्या, चार्ज केलेला फोन. रात्री आवाज आला तर बाहेर पाहायला जायचे नाही. कडी लावायची, ११२ फिरवायचा, शेजाऱ्यांना फोन करायचा आणि मोठ्याने ओरडायचे. तिसरे, गल्लीतल्या चार घरांचा फोनगट करा आणि गावाला जाताना पोलिस ठाण्यात कळवून जा. घरफोड्यांपैकी कितीतरी बंद घरांत होतात. तिथे कपाटातले रिव्हॉल्व्हर चोराच्याच उपयोगी पडते.

हे सगळे करूनही तुम्हाला विशिष्ट माणसाकडून धोका असेल, धमकी आली असेल, तर पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि मग शस्त्राचा अर्ज करा. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी वडिलांच्या बंदुकीचे लायसन्स, नाहीतर मध्यम नळीचे, मुठीत बसणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर. त्याच दिवशी भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी. आणि दोघांचेही प्रशिक्षण. यातले एक जरी होणार नसेल, तर ते पैसे दाराला लावा. तुम्हा दोघांना रात्री निवांत झोप लागणे महत्त्वाचे आहे, आणि ती चांगल्या कडीने व जाग्या शेजाराने बहुतेक वेळा लागते.