चौक बायकांचा, मग नाव कोणाचं?



कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढायचं प्रशिक्षण ठेवा, असं बऱ्याच गटांनी सांगितलंय. त्याआधी या कलेची थोडी ओळख करून घेऊ.

पालघर भागात वारली समाजाच्या लग्नात सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक ‘लिहितात’. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढंच साहित्य. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाईच.

१९७० नंतर ही चित्रं कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण चित्रं विकली जाऊ लागल्यावर नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. चौक लिहिणाऱ्या बाया मागेच राहिल्या.

म्हणून प्रशिक्षण ठरवताना तीन गोष्टी पाळा:

१. शिकवायला वारली कलाकारच बोलवा, त्यातही चौक लिहिणारी बाई. तिचं मानधन आधी ठरवून इतिवृत्तात लिहा.

२. चौक पूजेचा असतो. तो पिशवीवर काढायचा का, हे तिलाच विचारा.

३. या कलेला भौगोलिक मानांकन आहे. ‘वारली’ नाव लावून विकण्याआधी नियम समजून घ्या.

बैठकीत बोला: आपल्या गावात बाई करते, पण नाव आणि पैसा दुसऱ्यालाच मिळतो, असं कोणतं काम आहे?